मिलोचं देणं

मिलोचा विषय निघाला की माझ्या वयाची माणसं नाक मुरडतात. "गुरांच्या खाण्याची लाल ज्वारी अमेरिकेनं आपल्या माथी मारली" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलं आहे, एसटीत ऐकलं आहे आणि व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरूनही ऐकलं आहे. त्यातला राग मला समजतो, पण त्या रागात मला कधी सामील होता आलेलं नाही. १९६६ साली मी माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत जाणारी लहान मुलगी होते. त्या वर्षी आमच्या घरातली आजी, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ जगलो ते या मिलोवर. ज्या धान्यावर हाडं धरली त्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही.

माणदेश हा पावसानं कायम पाठ फिरवलेला मुलूख. महाबळेश्वरला ढग फुटतात आणि दहिवडी-म्हसवडकडं येईस्तोवर आभाळ कोरडं झालेलं असतं. त्यामुळं घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत, हा आमच्याकडचा रिवाजच होता. माझे वडील परळला एका गिरणीत साच्यावर होते. त्यांची मनिऑर्डर यायची, पण गाठीला पैसे असूनही बाजारात धान्य मिळत नाही अशी त्या वर्षी गत झाली. १९६५चा पावसाळा जवळजवळ सगळ्या देशात कोरडा गेला होता. आदल्या वर्षी देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन धान्य पिकलं होतं, ते ७ कोटी २० लाख टनांवर आलं. त्यातच पाकिस्तानशी युद्ध झालं. परकीय चलनाची तिजोरी तळाला गेलेली, रोख डॉलर मोजून एवढं धान्य उचलण्याची सरकारची ऐपत नव्हती. शास्त्रीजींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं, सोमवारी रात्रीचं. शिखर शिंगणापूरचा महादेव आमचा, त्यामुळं सोमवारचा उपास आजीला नवा नव्हता. पण तेव्हापासून उपास सोडताना ती महादेवाच्या जोडीला शास्त्रीजींचंही नाव घ्यायची. शास्त्रीजी गेले त्यानंतरही ती घेत राहिली.

त्या काळात धान्य येत होतं ते अमेरिकेच्या 'पब्लिक लॉ ४८०' या कायद्याखाली. आपल्याकडं त्याला सगळे पी. एल. ४८० म्हणत. कायदा १९५४चा, आयसेनहॉवर अध्यक्ष असतानाचा. अमेरिकेत धान्याचे साठे वाढत चालले होते, भाव टिकवण्यासाठी सरकार ते विकत घेत होतं आणि त्या साठ्यांना कुठंतरी वाट हवी होती. भारताशी करार १९५६ साली झाला. आपल्या दृष्टीनं त्यातली मोठी सोय ही, की किंमत डॉलरमध्ये द्यावी लागत नसे. ती रुपयांत द्यायची आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावे जमा व्हायचे. १९६६ साली बाहेरून आलेलं धान्य एक कोटी टनांच्या वर गेलं. त्यातलं बहुतेक अमेरिकेतलं. त्या देशात पिकलेल्या गव्हातला जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या भारताकडं येत होता.

या सगळ्याचं आमच्या वाडीपर्यंत पोचलेलं रूप म्हणजे मिलो.

कंट्रोलचं दुकान दोन कोसांवरच्या गावात होतं. धान्य आल्याची वर्दी लागली की आई कार्ड पदरात बांधून पहाटेच निघायची. तो दुकानदार तोंडानं फटकळ माणूस, पण लांबून चालत आलेल्या बायकांचं धान्य तो आधी मोजायचा आणि गावातल्यांना थांबवून ठेवायचा. त्यावरून त्याची भांडणं व्हायची. त्यानं ती पद्धत सोडली नाही म्हणून आई अंधार पडायच्या आत घरी पोचायची. आज तो नाही. त्याचं हे देणं मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून इथं लिहिते.

मिलोचा दाणा बारीक, तांबूस आणि टणक. आमच्या शाळूच्या टपोऱ्या पांढऱ्या दाण्याची सवय असलेल्या हातांना तो परका होता. दळून आणलं तरी पीठ खरबरीत लागायचं, आणि त्याला चिकी म्हणून नव्हती. काठवटीत नेहमीसारखं गार पाण्यात मळायला घ्यावं तर गोळा बांधला जायचा नाही. थापताना कडा फाटायच्या, आणि उचलून तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे तुकडे व्हायचे. वाडीवरच्या बायका एकमेकींच्या घरी जाऊन याच गोष्टीची चौकशी करायच्या. मग आईला रीत सापडली. आधण ठेवायचं, ते खळखळ उकळलं की पिठात ओतायचं, उलथन्याच्या टोकानं कालवून काठवट झाकून ठेवायची. वाफ जिरली की चटके सोसत मनगटाच्या जोरानं पीठ रगडायचं. तेव्हा कुठं त्यात जीव यायचा. भाकरी तळहाताहून थोडी मोठी, एवढीच थापायची. तव्यावरून उतरली की लगेच खायची, कारण गार झाली की दातांनी तुटायची नाही. संध्याकाळी आई मिलो भरडून कण्या करायची. ताक कुठलं असणार, चिंचेचं पाणी आणि तिखट-मीठ घालून आम्ही त्या ओरपायचो. आईच्या उजव्या तळहाताची कातडी त्या वर्षी सोलून निघाली होती, आजी रात्री त्यावर एरंडेल चोळायची.

या रीतीला जळण फार लागायचं, आणि जळणाचाही दुष्काळच होता. बैल विकून झालेले, गाय आटलेली. शेण नाही तिथं गोवऱ्या कुठल्या? शाळा सुटली की आजी आणि मी माळावर बाभळीच्या काटक्या, वाळलेली बोराटी, जे हाताला लागेल ते वेचत फिरायचो. बोराटीचे काटे बोटात मोडायचे. मिलोची एक भाकरी भाजायला किती काटक्या लागतात, हे दिल्लीतल्या किंवा वॉशिंग्टनमधल्या कुठल्या कागदावर लिहिलेलं नसणार. ते ज्यांना माहीत होतं त्या बायकांना कुणी विचारलं नव्हतं.

गुरांच्या खाण्याची ज्वारी, हे खरंच आहे. कॅन्सस, टेक्सास, नेब्रास्का या भागांत मिलो पिकते आणि तिकडं ती मुख्यतः जनावरांना घालतात. पण पुढं वाचनात आलं, की मिलो काय आणि आपला शाळू काय, दोघांचं मूळ आफ्रिकेत. एक भाऊबंद हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आला, दुसरा फार उशिरा अमेरिकेला गेला. हे कळल्यावर मला उगाच बरं वाटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आसंल. सोयरीक लांबची दिसती."

शाळेत वेगळं येत असे. दुधाची पावडर आणि तेलाचे डबे. पावडर मोठ्या पातेल्यात पाण्यात कालवून उकळायची, आणि आम्ही घरून आणलेले पेले पुढं करून ओळीनं बसायचो. त्या दुधाला एक उग्र वास होता, काही मुलांना तो सोसायचा नाही. मला सोसायचा. तेलाच्या डब्यावर एक चित्र होतं. वर तारे, खाली पट्टे असलेली ढाल आणि तिच्यावर एकमेकांत मिळवलेले दोन हात. खाली इंग्रजीत ओळ होती. गुरुजींनी एकदा डबा टेबलावर ठेवून ती ओळ वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला, की अमेरिकेतल्या लोकांनी हे दिलं आहे, ते विकायचं नाही. मग भिंतीवरच्या नकाशात त्यांनी अमेरिका दाखवली. सरकार म्हणजे काय हे कळण्याचं माझं वय नव्हतं. 'लोकांनी दिलंय' एवढं मात्र पक्कं लक्षात राहिलं. कुणीतरी माणसं आहेत, ती आपल्याला ओळखत नाहीत, तरी त्यांनी आपल्यासाठी तेल पाठवलं, असं मी घरी येऊन आजीला सांगितलं होतं.

मोठी झाल्यावर दुसरी बाजू वाचली. अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य एकदम न देता थोडं थोडं, महिन्या-महिन्याच्या हिशेबानं सोडायचं धोरण ठेवलं होतं. शेतीचं धोरण बदला ही एक अट होती. व्हिएतनामवरच्या बाँबफेकीवर भारतानं टीका केली की त्यांचा संताप व्हायचा, आणि पुढच्या बोटींचा हुकूम अडकून पडायचा. बंदरात बोट लागायची, धान्य उतरायचं आणि थेट दुकानात जायचं. शिल्लक म्हणून काही नव्हतीच, एक बोट चुकली तरी कुठंतरी चूल विझणार. इंदिरा गांधी मार्च १९६६ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन आल्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं अवमूल्यन झालं, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांना झाला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी बिहारात माणसं भुकेनं तडफडत होती. हे सगळं वाचताना माझं रक्त तापतं. उपाशी माणसाच्या ताटाशी राजकारण करू नये, मग ते कुणीही करो. पण त्या रागानं माझ्या पोटात गेलेली भाकरी खोटी होत नाही. देणाऱ्याच्या मनात काय होतं याचा हिशेब देणाऱ्याकडं. ज्याचं पोट भरलं त्याच्याकडं वेगळा हिशेब असतो, आणि तो माझ्याकडं आहे.

१९७२चा दुष्काळ आमच्याकडं याहून भयंकर होता, पण तोवर पी. एल. ४८०चं सवलतीचं धान्य थांबलं होतं आणि सरकार बाहेरून धान्य विकत घेत होतं. लोकांच्या आठवणीत ६६ आणि ७२ एकमेकांत मिसळून गेले आहेत. ७२ म्हणजे खडी फोडणं आणि कामावर मिळणारी सुकडी. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

मला सांगायचं आहे ते रुपयांबद्दल. आई कंट्रोलच्या दुकानात मिलोचे जे पैसे मोजायची त्यांचं पुढं काय झालं, हे मला ग्रंथपाल झाल्यावर कळलं.

मी नोकरीला लागले त्या ग्रंथालयात एका कपाटात 'ॲक्सेशन्स लिस्ट : इंडिया' नावाच्या पुस्तिकांचे गठ्ठे होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय त्या काढत असे. भारतात निघणाऱ्या पुस्तकांची भाषावार यादी. मराठी विभाग उघडला आणि मी बघतच राहिले. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तकं असणारच. पण तालुक्याच्या गावात, कुणा हौशी माणसानं स्वतःच्या पैशानं छापलेली पुस्तकंही त्यात होती. आमच्या ग्रंथालयात नसलेली कितीतरी. ही अमेरिकेनं कशासाठी गोळा केली, आणि कुठल्या पैशानं? उत्तर त्यांच्या कार्डावरच छापलेलं असायचं : पी. एल. ४८०.

भारतात जमा झालेल्या त्या रुपयांतला एक वाटा अमेरिकेनं आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी भारतीय पुस्तकं घेण्यावर खर्च करायचं ठरवलं. १९६२ पासून हे काम सुरू झालं. एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती घेऊन त्या शिकागोसारख्या विद्यापीठांना पोचत्या व्हायच्या. रुपये परदेशी नेता येत नव्हते, पुस्तकं नेता येत होती. म्हणजे माणदेशातल्या एका बाईनं लाल ज्वारीसाठी मोजलेले पैसे फिरून मराठी पुस्तकांत आले, आणि ती पुस्तकं मिशिगन सरोवराच्या काठावरच्या एका इमारतीत जाऊन बसली. आईला अक्षरओळख नव्हती. तिच्या पैशानं कुठलं पुस्तक गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही.

याचा प्रत्यय मला फार नीट आला. आमच्याच भागातल्या एका शाळामास्तरांनी साठच्या दशकात ग्रामीण कथांचा एक छोटा संग्रह छापला होता. तो पुन्हा छापावा म्हणून त्यांचा नातू प्रत शोधत माझ्याकडं आला. घरची प्रत वाळवीनं खाल्लेली. मी साताऱ्याला, पुण्याला, मुंबईला, ओळखीच्या सगळ्या ग्रंथपालांना विचारलं, कुणाकडंही नाही. मग त्या जुन्या याद्या काढून एकेक पान चाळलं आणि नाव सापडलं. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं. तिथल्या दक्षिण आशिया विभागातल्या बाईंचं उत्तर आलं, आणि पाठोपाठ सगळ्या पुस्तकाच्या छायाप्रतींचं पाकीट. खर्च विचारला तर त्यांनी लिहिलं, की हे पुस्तक तुमचंच आहे, आम्ही फक्त सांभाळलं. नातवानं माझ्या टेबलाशी उभ्याउभ्या पहिली गोष्ट वाचून काढली. त्यात त्याच्या आजोबांनी खळ्यावरच्या रात्रीचं वर्णन केलं होतं, राखणीला बसलेल्या पोरांच्या शिव्यांसकट. त्या बाईंना मी कधी भेटले नाही. त्यांना कॅन्ससच्या शेतकऱ्याबद्दल आणि माझ्या आईबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यांनी ते पत्र जपून ठेवल्याचं पुढं कळवलं.

आणखी एक धागा शेतातला. मिलो हटली ती आपल्याकडं ज्वारी वाढल्यावर, आणि त्यात संकरित वाणांचा हात होता. सी. एस. एच. १ हे भारतातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण, १९६४चं. त्याचं मादी वाण होतं कंबाइन काफिर ६०, अमेरिकेतून आलेलं. आमच्या वडिलांनी गिरणीतून सुट्टी काढून येऊन पहिल्यांदा 'हायब्रीड' पेरली तेव्हा त्या बियाण्याचं अर्धं गोत्र कुठलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाटुक कमी म्हणून गुरांसाठी हळहळले, पण कणसं बघून हरखले.

रुपयांचा हिशेब १९७४ साली मिटला. अमेरिकेच्या नावे साठलेली रक्कम इतकी फुगली होती की ती खर्चायची म्हटली तरी इथली बाजारपेठ हलली असती. त्यातला मोठा भाग त्यांनी सोडून दिला. राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी फेब्रुवारीत १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती ठेवला. एवढ्या रकमेचा धनादेश तोवर कुणी लिहिला नव्हता. दोन सरकारांमधलं देणं असं एका कागदानं फिटलं. माझं फिटलेलं नाही, आणि ते कुणाला फेडायचं याचा पत्ताही माझ्याजवळ नाही. कॅन्ससला? मुंबईच्या गोदीत धान्य उतरवणाऱ्या कामगारांना? त्या फटकळ दुकानदाराच्या मुलाबाळांना?

म्हणून २०२२ साली श्रीलंकेच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा मी त्यांवरून नजर काढू शकले नाही. तिथंही डॉलर संपले होते. १२ एप्रिलला त्या सरकारनं परदेशी कर्ज फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. आदल्या वर्षी रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातल्यानं भाताचं पीक बसलं होतं, दुधाची पावडर दुकानातून नाहीशी झाली होती, कागद नाही म्हणून शाळेच्या परीक्षा पुढं ढकलल्या होत्या. भारत सरकारनं अन्न, औषधं आणि गरजेच्या वस्तूंसाठी मार्चमध्येच १०० कोटी डॉलरची उधारी दिली. तामिळनाडूच्या विधानसभेनं एप्रिलच्या शेवटी ठराव केला आणि ४० हजार टन तांदूळ, ५०० टन दूध पावडर आणि औषधं मदत म्हणून द्यायचं ठरवलं. पहिली बोट मे महिन्यात चेन्नईहून सुटली आणि कोलंबोला लागली. दूध पावडर हे शब्द वाचून माझ्या नाकात तो शाळेतला उग्र वास भरला. तिकडच्या एखाद्या पोराला तो सोसणार नाही, एखादी बाई म्हणेल की हा तांदूळ आमच्यासारखा नाही. म्हणू दे. त्यांना तो हक्क आहे. आमच्या वाडीनं मिलोला काय कमी नावं ठेवली?

आई आता थकली आहे, माझ्याकडंच असते. टीव्हीवर चेन्नईच्या बंदरातली पोती दिसत होती. तिनं विचारलं, "कुठं चाललंय त्ये?"

"लंकेला. दुष्काळासारखं झालंय तिथं. पैसा संपलाय सरकारचा."

"काय धाडत्यात?"

"तांदूळ."

"ततली माणसं भातच खात्यात नव्हं?"

"हो, भातच."

"मंग बरं. सवयीचं धाडलं," ती म्हणाली आणि पुढं सरकून बसली. तेवढ्यात कोलंबोतली चित्रं आली. रिकामे सिलिंडर साखळ्यांनी एकमेकांना बांधून रस्त्याच्या कडेला लावलेले, आणि त्यांच्याशेजारी फुटपाथवर बसून राहिलेली माणसं. हे काय म्हणून तिनं विचारलं. गॅस मिळत नाही, रांगा लागल्यात, लोक कुठून कुठून लाकडं आणून चूल मांडतायत, असं मी सांगितलं.

"शहरात लाकडं कुठली गावायची बाय," ती म्हणाली. "तांदूळ धाडणाऱ्यास्नी सांग कुणीतरी, जळणाचं बी बघा म्हणावं."

भारतानं पेट्रोल-डिझेलसाठीही वेगळी उधारी दिली आहे, असं मी तिला सांगितलं. तिनं लगेच विचारलं, त्यात चुलीचं काय. त्याचं उत्तर मला बातम्यांत सापडलं नाही.